पलंगाच्या नळ्यांची मोटार

परतूरच्या जिनिंगमध्ये मी काट्यावर मुन्शी होतो. माझ्याकडे वजनाला दोनच गोष्टी येत. एक कापूस, आणि दुसरी मिस्तरीच्या हातातली कुठलीतरी लोखंडी वस्तू. कापसाच्या गाड्यांची रांग स्टेशनच्या रस्त्याला टेकलेली असायची, खोळंबलेले शेतकरी ओरडत असायचे. मिस्तरी त्या सगळ्यांना ओलांडून यायचा, लहान काट्याच्या पारड्यात एक बोल्ट ठेवायचा आणि उभा राहायचा. मी वजन सांगितलं की मान हलवून निघून जायचा. दुसऱ्या दिवशी तोच बोल्ट घेऊन परत हजर. मधल्या वेळात त्याला आरपार भोक पाडलेलं असायचं.

“काय करून राह्यले मिस्तरी हे?”

“वजन काढून राह्यलो. बघा किती उतरलं.”

“दोन तोळे.”

“बराबर,” तो म्हणायचा. त्याच्या तोंडून एवढा एक शब्द समाधानाने निघायचा.

त्याचं खरं काम म्हणजे जिनिंगचं इंजिन सांभाळणं. ते तो डोळे मिटून करायचा, आणि हे अगदी शब्दशः. इंजिनाच्या अंगावर तळहात टेकवून, डोळे मिटून उभा राहायचा आणि आतलं कोणतं बेअरिंग तापतंय ते सांगायचा. त्या कामाबद्दल त्याला सगळे मानत. पण भोकं पाडायच्या नादाबद्दल सगळे हसत. त्याच्या दाराच्या कडीला भोकं होती, कंदिलाच्या दांडीला होती, कमरेच्या पट्ट्याच्या बकलाला होती. जेवायच्या चमच्यालाही त्याने दांड्याकडून तीन भोकं पाडली होती. हमाल म्हणत, मिस्तरीकडे पाहुणा गेला तर त्यालाबी भोक पाडूनच परत पाठवतील. पण त्याच्याकडे पाहुणा गेलेला मी कधी पाहिला नाही.

मी एकदा विचारलं, की बाबा, हलकेपणाचं एवढं काय आहे? तो म्हणाला, “ज्याचं वजन जास्त, त्याला ओढायला दुसरं कुणी लागतं, मुन्शीजी. हलक्याला कुणाची गरज पडत न्हाई.” मला तेव्हा ते लोखंडाबद्दलच वाटलं होतं.

पावसाळ्यात जिनिंग बंद पडायचं. शेठ जालन्याला, हमाल आपापल्या गावाला. आवारात दोघंच उरायचो. गोदामावर लक्ष ठेवायला मी आणि इंजिन खोलून साफ करायला तो. माझी बायको-मुलं मंठ्याला होती, पंधरा दिवसांतून एकदा मी जाऊन यायचो. तो कुठेच जायचा नाही. आमच्या खोल्यांमध्ये वीस पावलांचं अंतर होतं. संध्याकाळी माझी चूल पेटायची, त्याची पेटायची. दोन्हींचा धूर वर एकत्र व्हायचा, आणि खाली आम्ही दोघं आपापल्या भाकरी थापून आपापल्या उंबऱ्यात बसून खायचो. अशी सात वर्षं गेली. आज याचं मला नवल वाटतं. वीस पावलं मी चालून का गेलो नाही?

अशाच एका पावसाळ्यात त्याने ज्वारीची धाटं सोलून, बाभळीच्या काट्यांनी एकमेकांत टोचून एक सांगाडा केला. पोरं धाटांची गाडी करतात तसाच, पण हा सगळा तिकोनांचा. माझ्या काट्यावर आणून ठेवला आणि म्हणाला, “वजनं टाका याच्यावर.”

मी एक शेराचं माप ठेवलं. मग दोन शेराचं. मग पाच. वीतभर उंचीची ती वाळकी धाटं आठ शेर पेलून उभी होती.

“चौकोन वाकतो, तिकोन वाकत न्हाई,” तो म्हणाला. “नळ्या पायजेत. पोकळ. अशीच मोटार करायची.”

“मोटार?”

“मोटार.”

मी हसलो. तो हसला नाही. त्याने मापं एकेक करून खाली उतरवली, सांगाडा उचलला आणि गेला.

तर नळ्या. कुठल्याशा बंद पडलेल्या दवाखान्यातले लोखंडी पलंग जालन्याला लिलावात निघाले होते. मिस्तरीने बावीस पलंग उचलले आणि आगगाडीने परतूरला आणले. स्टेशनवरचे हमाल हात लावेनात. मेलेल्या माणसांच्या खाटा, कोण शिवणार? मिस्तरीने वाद घातला नाही. “माणूस मेलं असंन पलंगावर, पलंग थोडाच मेला,” एवढं म्हणाला आणि दोन-दोन पलंग डोक्यावर घेऊन स्टेशनपासून जिनिंगपर्यंत अकरा खेपा केल्या. मी काट्यापाशी उभा राहून पाहत होतो. एकही खेप मी त्याच्यासोबत केली नाही. खाटांची भीती मलाही होतीच.

मग तोडणं सुरू झालं. प्रत्येक नळी तो तोंडाला लावून फुंकायचा, बोटाच्या पेराने वाजवायचा, जिचा आवाज बसका ती बाजूला फेकायचा. चांगल्या नळीचं तोंड कानशीने असं घासायचा की दुसऱ्या नळीच्या गोलाईवर ते बाळाचं तोंड लागावं तसं लागायचं. सांध्यावर टाकणखार, खालून भात्याची आग, नळी लाल झाली की पितळेची तार टेकवायची. पितळ वितळून सांध्यात शिरताना एक क्षण पाण्यासारखं चमकायचं. तेव्हा मिस्तरी श्वास रोखून धरायचा. मी लांबून पाहायचो, माझाही श्वास थांबायचा.

सांगाडा पुरा झाला तेव्हा तो एकट्याने खांद्यावर घालून मोठ्या काट्यावर घेऊन आला. एक मण चार शेर. त्याने मला तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा ऐकल्यावर काट्याशेजारी उकिडवा बसला आणि बराच वेळ जमिनीकडे बघत राहिला. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, “काही न्हाई. सांगायला कुणी न्हाई, म्हणून बसलो.”

मी होतो की तिथे. पण मी ते बोललो नाही.

इंजिन औरंगाबादच्या छावणीतल्या एका मोडक्या फटफटीचं होतं, चाकंही फटफट्यांचीच. अंगावर पत्रा नव्हता. पत्रा जड. त्याने मांजरपाट शिवून सांगाड्यावर ताणला आणि उकळलेल्या जवसाच्या तेलाचे हात दिले, एकावर एक, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा. कापड असं आवळलं गेलं की टिचकी मारली तर डफासारखं वाजावं. बसायची जागा बाजेसारखी सुतळीने विणलेली. आणि ती एकच.

“दुसऱ्या माणसानं कुठं बसायचं मिस्तरी?” मी विचारलं.

“दुसरं माणूस म्हंजे दीड मण.”

पहिल्यांदा ती मोटार जिनिंगच्या फाटकातून निघाली त्या दिवशी सुगी जोरात होती, आवार माणसांनी भरलेलं होतं. तिला फाटकापर्यंत त्याने एका हाताने ढकलत आणली. मग तो आवाज. रांगेतले बैल उधळले, एक गाडी कापसासकट नाल्यात गेली, शेठ शिव्या देत बाहेर आले, पण शिवी पुरी व्हायच्या आत मोटार दुधना नदीच्या वाटेला लागून दिसेनाशी झालेली. काळ्या रानातल्या गाडीवाटेने, जिथे शेठची मोठी मोटार चार बैल जुंपून काढावी लागायची, तिथून मिस्तरी टिटवीसारखा चिखलावरून निघून गेला. एका जागी चाक रुतलं तर खाली उतरला, पुढची बाजू दोन हातांनी उचलून कोरड्यावर ठेवली आणि परत बसला. हे मागाहून एका गाडीवानाने सांगितलं. परत आला तेव्हा चेहरा धुळीने पांढरा, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वाऱ्याने असेल. लोक भोवती जमले, टाळ्या वाजल्या, कुणी पाठ थोपटली. अर्ध्या घटकेत सगळे आपापल्या गाड्यांकडे गेले. मिस्तरी मोटारीशेजारी उभा होता, हातात पुसायचं फडकं, आणि पुसण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

संक्रांत होऊन गेल्यावर एके दिवशी दुपारच्या गाडीने एक बाई आली. पस्तिशी-चाळिशीची, उन्हाने रापलेली, डोक्यावर पदर, हातात फडक्यात बांधलेले धपाटे. काट्यापाशी येऊन म्हणाली, “मिस्तरी कुठं ऱ्हातात, भाऊ?”

“काय काम होतं?”

“काम न्हाई. म्या त्यांच्या घरची.”

मी हातातली मापं खाली ठेवली. पाच वर्षं झाली होती तेव्हा आम्हाला एकत्र काम करून. या माणसाला बायको आहे, हे मला माहीत नव्हतं.

मिस्तरी इंजिनघरातून हात पुसत बाहेर आला. तिला पाहून पायरीवरच थांबला.

“कवा आलीस?”

“आत्ताच्या गाडीनं.”

“जेवलीस का?”

ती म्हणाली, “टेंभुर्णीत समदे म्हणून राह्यले, तुझ्या मालकानं मोटार केली. मला वाटलं, न्यायला येतील. दोन महिने वाट पाह्यली. मंग मीच आल्ते.”

टेंभुर्णीला तिच्या वडिलांचा मळा होता. वडील आंधळे झालेले, भाऊ नाही. लग्नानंतर मिस्तरी हैदराबादेला गेला तेव्हा ती वडिलांपाशी राहिली. पुढे वडील गेले, पण ती मळ्यातच राहिली, आणि हा हैदराबादेहून सुटला तो टेंभुर्णीला न जाता परतूरला येऊन थांबला. हे सगळं मला त्या दुपारी तुकड्या-तुकड्यांनी कळलं.

तिने मोटारीला एक फेरी घातली. ताणलेल्या कापडावरून हात फिरवला. सुतळीच्या जागेकडे पाहिलं, मागे वाकून पाहिलं.

“अन् म्या कुठं बसू?”

मिस्तरी म्हणाला, “ही एकट्याची मोटार हाय.”

“आस्सं.” तिने धपाट्यांचं फडकं माझ्या हातात दिलं, लुगडं सावरलं आणि स्वतःच आत जाऊन त्या जागेवर बसली. “मंग तुम्ही कुठं बसता, बघते.”

आजूबाजूचे हमाल थांबले होते. मिस्तरीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, हा चिडणार. पण तो मोटारीच्या मागे गेला, वाकला आणि ढकलू लागला. इंजिन बंद. कापसाच्या गासड्यांच्या थप्प्यांना वळसा घालून, विहिरीवरून, इंजिनघरासमोरून त्याने तिला फिरवलं. ती मोटार वळवायच्या वेताच्या चाकावर हात ठेवून ताठ बसलेली. एक फेरी झाली, दुसरी झाली, तिसऱ्या फेरीला तिच्या तोंडावर हसू आलं आणि तिने ते पदराखाली लपवलं.

थांबल्यावर ती उतरली नाही. तशीच बसून म्हणाली, “मागची जागा का न्हाई ठेवली? मोटारीला मागची जागा ऱ्हाती ना?”

तेव्हा मिस्तरीने ती गोष्ट सांगितली. मला सांगितली की तिला, ठाऊक नाही. दोघांकडेही न बघता सांगितली.

“हैदराबादेत नवाबाच्या मोटारखान्यात होतो. आठ वर्षं मोटारीखाली निजून काम केलं. वर कधी बसलो न्हाई. एक डाव मागच्या सीटखाली कुठंतरी खडखड व्हायची. ती कुठनं येती ते बसल्याबिगर कळंना. म्हणून मागच्या सीटवर बसलो अन् ड्रायव्हरला म्हणलं, चालव जरासं. फाटकातनं नवाबाचा भाचा आल्ता. त्यानं पाह्यलं. बोलला न्हाई, मारलं न्हाई. धोब्याला बोलावलं. सीटचं कापड काढायला लावलं अन् माझ्यासमोर साबण लावून धुतलं. दोन डाव. मी तिथंच उभा. वाळूस्तोवर उभं ऱ्हायला लावलं.” तो थांबला. “त्या दिशी ठरवलं, आपली मोटार करीन तिला मालकाची जागा ठेवायची न्हाई.”

विहिरीवर रहाट करकरत होता.

ती हळूच म्हणाली, “इतक्या वर्षांत हे मला का न्हाई सांगितलं?”

“काय सांगायचं त्यात.”

“तुम्हाला मागं कुणी बसलेलं नको, कळलं मला. पर म्या मागं कशाला बसंन?” ती उतरली, पदर डोक्यावर नीट घेतला. “बाजूला बसले असते.”

संध्याकाळच्या गाडीने ती परत गेली. मिस्तरी स्टेशनवर पोचवायला गेला. आल्यावर खोलीत शिरला नाही, शेडमध्येच मोटारीसमोर बसून राहिला. सकाळी मी उठलो तो करवतीच्या आवाजाने. दोन वर्षं खपून जोडलेला तो सांगाडा तो मधोमध कापत होता.

“अहो मिस्तरी, चांगली चालणारी मोटार!”

“बाजू ध्यानातच आली न्हाई, मुन्शीजी,” तो म्हणाला. “मागचं अन् पुढचं, एवढंच पाह्यलं समद्या जल्मात. बाजूचं सुचलंच न्हाई.”

रुंदी सव्वा हाताने वाढवायची म्हणजे सगळे तिकोन बदलले. उरलेले पलंग तुटले. दोन पावसाळे गेले. सुतळीची दुसरी जागा विणताना त्याने पहिल्या जागेपेक्षा वीण दाट घेतली. नवा सांगाडा पुरा झाला, पण या वेळी तो वजनाला आणला नाही. मीच म्हणालो, आणा की काट्यावर. म्हणाला, “ऱ्हाऊ द्या. जड झाला असंन.”

मोटार घेऊन तो टेंभुर्णीला निघाला तेव्हा धुतलेलं धोतर नेसला होता, डोक्याला फेटा. फेट्याचं वजन किती, असं मी चेष्टेनं विचारलं. तो लाजला. चाळिशी उलटलेला, तेलाने काळ्या पडलेल्या नखांचा माणूस नवरदेवासारखा लाजला. मी दुसऱ्या दिवशीपासून वाट बघू लागलो. माझ्या बायकोला निरोप धाडून मंठ्याहून चार भांडी मागवून घेतली. मिस्तरीच्या खोलीत एक तवा आणि एक पातेलं, एवढंच होतं.

नवव्या दिवशी तो आला. बाजूच्या जागेवर कुणी बसलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी वीस पावलं चालून गेलो. तो उंबऱ्यात बसला होता, चूल पेटलेली नव्हती. माझ्या भाकरीतली अर्धी त्याच्यापुढे ठेवली. त्याने खाल्ली.

“बसल्या का मोटारीत?”

“बसली. वेशीपासून मळ्यापस्तोर. पोरं मागं पळून राह्यली होती. लई हसली. मंग म्हणली, उतरवा.”

“मग?”

“मी म्हणलं, चल परतूरला. ती म्हणली, माझी जवारी उभी हाय, बैलं हायेत, कुणाच्या भरवशावर टाकू? तुम्हीच ऱ्हावा हितं. मोटार हितंबी उभी ऱ्हाती.” तो हातातल्या भाकरीच्या तुकड्याकडे बघत होता. “खरं बोलली. ऱ्हायलो. आठ दिस ऱ्हायलो. पाणी शेंदलं, बैलं सोडली. ती चांगलं करून घालायची. पर दोघं समोरासमोर जेवाया बसलो की मला बोलायला सुचंना. ती बोलायची, मी ऐकायचो. तिचं बोलणं सरलं की दोघंबी गप. एकट्यानं ऱ्हायची एवढी सवय लागली मुन्शीजी, की कुणी जवळ असलं की कळंना, हात कुठं ठेवावं.”

“पुन्हा जा.”

“जाईन,” तो म्हणाला. “हंगाम सरला की जाईन.”

त्यानंतर आम्ही रोज नाही, पण पुष्कळदा एकत्र जेवलो. तो बोलला असं नाही. नंतर मला जालन्याला दुसरी नोकरी लागली आणि लढाई सुरू झाली. पेट्रोल मिळेना. परतूर सुटलं ते सुटलंच. एक-दोन पत्रं मी टाकली. उत्तर नाही. मिस्तरीला लिहिता येत होतं की नाही, हेही मी कधी विचारलं नव्हतं.

निजामी गेली त्या वर्षी जिनिंगमधला जुना हमाल मला जालन्याच्या बाजारात भेटला. त्याच्याकडून कळलं, की आदल्या उन्हाळ्यात मिस्तरी गेला. इंजिनघरातच, इंजिनाला हात लावून बसल्या जागी. टेंभुर्णीला निरोप पोचायला तीन दिवस लागले.

माझ्याच्याने राहवेना. टेंभुर्णीला जाऊन मळा शोधून काढला. बाई मोटेच्या थारोळ्यापाशी भांडी घासत होत्या. पार वाळून गेल्या होत्या. मी ओळख सांगितली तर म्हणाल्या, “वळखलं. धपाटे धरले होते तुम्ही.”

मी म्हणालो, ते एकदाच येऊन गेले असं मला वाटत होतं.

“न्हाई हो, भाऊ. दरसाल यायचे. लढाईत पेट्रोल न्हवतं तेव्हा आगगाडीनं अन् पायी आल्ते. बाकी मोटारीनंच.” त्या हात धुऊन उभ्या राहिल्या. “आठ दिस बराबर ऱ्हायचे. नवव्या दिशी हात चाळवायचा. मोटेचं चाक खोल, जात्याचा खुंटा काढ, काही न्हाई तर दाराची कडी. मला कळायचं. मंग मीच म्हणायची, जा आता.”

“तुम्ही म्हणायचा?”

“मंग? त्यांच्याच्यानं म्हणवत न्हवतं. मी वेशीपस्तोर बाजूला बसून जायची. तिथं उतरायची. एकट्यानं चालवली की मोटार उजव्या अंगाला ओढती म्हणायचे, म्हणून माझ्या जागेवर दगड ठेवायचे. वेशीपाशी पडलेले हायेत, त्यातले. हातात तोलून-तोलून घ्यायचे. मी उभी ऱ्हायची त्यांचं होईस्तोवर.”

बाईंनी वेशीच्या बाजूला बघितलं.

“पैल्या वर्षी सहा दगड लागले. अखेरच्या वर्षी चारच ठेवले. म्हणलं, दोन कमी पडले का हो? तर म्हणले, न्हाई, तू वाळलीस.”